बारा वर्षांचा पीसी: कबाडात द्यायचा की अजून दोन उन्हाळे काढायचे?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका घरात २०१४ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेल आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून काम सुरू करण्याजोगा व्हायला सहा-सात मिनिटं घेतो. क्रोममध्ये चार टॅब उघडले की माउससुद्धा अडखळतो. मुलगी बारावीत आहे, तिची व्हिडिओ लेक्चर्स असतात. वहिनींच्या बुटीकची टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्याच पीसीवर आहे. बाकी बँक, वीजबिल, फॉर्म भरणं. सीताबर्डी बाजारातला दुकानदार म्हणतो, "याच्यात आता काही राहिलं नाही, ४५ हजारांत नवीन घ्या." घरी येणारा मुलगा म्हणतो, "चारशे रुपयांत फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळेल." ऐकायचं कोणाचं?

भाऊ, आज तरी दोघांचंही ऐकू नका. दुकानदार पूर्ण चुकीचा नाही आणि फॉरमॅटवाला पूर्ण खोटं बोलत नाही, पण दोघांनीही पीसी न तपासता औषध सांगितलं आहे. शिवाय तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. पीसी हळू का चालतो, हा पहिला. हा पीसी अजून किती दिवस सुरक्षितपणे वापरता येईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा स्वस्त असतं. दुसऱ्याचं उत्तर तारखेवर आणि तुमच्या कामावर अवलंबून असतं. दोन्ही एकाच दमात विचारले की उत्तर ‘नवीन घ्या’ हेच येतं.

आधी पहिला प्रश्न. उद्या सकाळी पीसी सुरू केल्यावर काहीही उघडू नका. डेस्कटॉप दिसला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खाली ‘मोअर डीटेल्स’ दिसलं तर त्यावर क्लिक करा आणि ‘परफॉर्मन्स’ टॅबवर जा. तिथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क अशा तीन ओळी असतात. दहा मिनिटं नुसतं बघत बसा.

तुमच्या वर्णनावरून मला जवळपास खात्री आहे की डिस्कची ओळ १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसेल. त्यावर क्लिक केलंत तर गंमत कळेल: डिस्क शंभर टक्के व्यस्त आहे, पण वाचण्याचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी. हीच हार्ड डिस्क एखादी मोठी फिल्म कॉपी करताना सेकंदाला शंभर एमबी सहज देते. मग इथे काय होतं? हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारा हेड असतो. तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि हेड त्या पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एका ठिकाणची माहिती गाठायला बारा-तेरा मिलिसेकंद गेले, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी ठिकाणं. विंडोज १० सुरू होताना हजारो छोट्या फायली वेगवेगळ्या जागांहून मागतं. त्याच वेळी डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, तपासणी करतं, अपडेट डोकावतं, सर्चची अनुक्रमणिका बनत असते. सगळे एकाच कारकुनाच्या खिडकीवर रांग लावून उभे. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारा भागच नसतो, ती सेकंदाला हजारो ठिकाणं गाठते. म्हणून प्रोसेसर तोच, रॅम तीच, आणि फक्त डिस्क बदलली तरी सहा-सात मिनिटांचं काम अर्ध्या-पाऊण मिनिटावर येतं.

फॉरमॅटनं फरक का पडतो आणि का टिकत नाही, तेही यातच आलं. फॉरमॅट मारला की सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्राम कमी असतात, फायली एकमेकींजवळ असतात, रांग छोटी असते. दोन-तीन महिन्यांत प्रिंटरचं सॉफ्टवेअर, दुसरा अँटिव्हायरस, तीन अपडेटर पुन्हा येऊन बसतात. कारकून तोच राहतो.

आता मेमरीची ओळ. विंडोज १० नुसतं बसल्या बसल्या दोन जीबीच्या आसपास खातं. एच८१ बोर्डावर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर थोडा वाटा डिस्प्लेही घेतो. उरलेल्या दीड-पावणेदोन जीबीत क्रोम आणि टॅली एकत्र नांदत नाहीत. रॅम भरली की विंडोज जादाचा माल डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये हलवतं आणि पुन्हा त्याच कारकुनाकडे जातं. माउस अडखळतो तो इथे. चार टॅब उघडल्यावर मेमरी ८५-९० टक्क्यांवर जात असेल तर रॅमही कमी पडते आहे असं समजा.

या पायरीवर एक गोष्ट जरूर बघा, कारण ती बऱ्याचदा सुटते. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाऊट या वाटेनं जाऊन ‘सिस्टीम टाइप’ वाचा. त्या काळातल्या अनेक असेंबल्ड पीसींत ३२ बिट विंडोज टाकलेलं असायचं. तसं असेल तर चार जीबी लावूनही सव्वातीन-साडेतीनच वापरात येतात, आणि आणखी रॅम घेतली तर ते पैसे पाण्यात. आधी ६४ बिट विंडोज, मग रॅम. तुमचा प्रोसेसर ६४ बिट आहे, त्याची काळजी नको. मात्र आजचं टॅलीप्राइम ६४ बिटवरच चालतं, त्यामुळे ३२ बिट दिसलं तर वहिनी जुन्या टॅलीवर आहेत असंही कळेल.

सीपीयूच्या ओळीवर मी शेवटी जातो. डिस्क शांत, मेमरी साठ टक्के, आणि तरीही सीपीयू सतत नव्वदच्या वर, असं दिसलं तरच प्रोसेसर कमी पडतोय म्हणायचं. आय३-४१३० हा दोन कोअरचा, ३.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आहे. टॅली, वर्ड, बँकेची साइट, लेक्चर एवढ्याला तो पुरतो. एका बाबतीत तो म्हातारा आहे: यूट्यूब आज ज्या प्रकारचे व्हिडिओ पाठवतं ते उलगडायची पूर्ण सोय त्याच्या ग्राफिक्समध्ये नाही, म्हणून ते ओझं प्रोसेसरवर येतं. व्हिडिओ ७२० वर ठेवा. किंवा ब्राउझरला जुना एच.२६४ प्रकार मागायला लावणारं एक्स्टेन्शन टाका, फरक दिसतो.

नागपुरात आणखी एक कारण असतं, जे पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत सापडणार नाही. तुमचा पीसी वर्षभर सारखाच हळू आहे, की एप्रिल-मेच्या दुपारी जास्त? सकाळी सातला बरा आणि तीन वाजता मरगळलेला असेल तर ती उष्णता आहे. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो, त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना जो पीसी कामाच्या वेळी ६० वर असतो, तोच मेमध्ये बंद खोलीत ४२ अंश असताना ८० च्या पुढे जातो. वर हीटसिंकमध्ये धुळीची गादी आणि दहा वर्षांत वाळलेली थर्मल पेस्ट असेल तर शंभरीजवळ पोचतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. एचडब्ल्यूमॉनिटर हे फुकट सॉफ्टवेअर तापमान दाखवतं. काम चालू असताना ९० च्या वर दिसलं, किंवा टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्के असूनही वेग ३.४ च्या बराच खाली दिसला, तर आधी साफसफाई, बाकी सगळं नंतर.

साफसफाई करताना प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा, ब्लोअरनं धूळ उडवा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. ब्लोअरच्या झोतानं तो भलत्या वेगानं फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. हीटसिंक काढलात तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडानं पुसा आणि नवी पेस्ट मधोमध तुरीच्या डाळीएवढी ठेवा, थापू नका. इंटेलच्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खिट्ट्या असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत जोडीनं दाबायच्या आणि बोर्डाच्या मागून काळी टोकं बाहेर आली का ते बघायचं. एक खिट्टी अर्धवट राहिली की हीटसिंक एका बाजूनं उचललेला राहतो आणि पीसी पाच मिनिटांत गरम होऊन बंद पडतो. दुकानातून ‘साफ करून’ आणलेले पीसी बऱ्याचदा एवढ्यानंच परत जातात.

आणि कूलर. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, तो चालवाच. खोली थंड म्हणजे पीसी थंड. फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात नको. ताट्यांतून येणारी हवा ओली असते. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आणि धूळ त्या ओलीत मिसळून बोर्डावर चिकट थर बसतो, जो ब्लोअरनं निघत नाही. त्याचा त्रास बहुधा पावसाळ्यात होतो: एक दिवस पीसी नुसता बीप करतो, डिस्प्ले येत नाही. रॅम काढून तिचे सोनेरी टोक खोडरबरानं हलकेच घासलं की बहुतेक वेळा सुरू होतो. कॅबिनेट कूलरच्या समोरून हलवून बाजूच्या भिंतीला घ्या, आणि कॉम्प्युटर टेबलाच्या बंद खणात कोंडू नका.

इथवर कळलं असेल की हळूपणाची कारणं चार: डिस्क, रॅम, ३२ बिट विंडोज, उष्णता. चारही कमी खर्चात सुटतात. पण खर्च करण्याआधी ज्यावर खर्च करायचा तो बोर्ड शाबूत आहे का, हे बघायला हवं, आणि माझा हात इथेच थांबतो. टॉर्च घेऊन मदरबोर्डावरचे छोटे डबे, म्हणजे कपॅसिटर बघा. माथा सपाट हवा. फुगलेला, किंवा त्यावर तपकिरी डाग असेल, तर त्या बोर्डात एक रुपयाही घालू नका. पीसी मध्येच आपोआप रीस्टार्ट होतो का? तो दोष एसएमपीएसचा (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचा) किंवा यूपीएसच्या थकलेल्या बॅटरीचाही असू शकतो. लाइन गेल्यावर यूपीएस दोन मिनिटंही तग धरत नसेल तर आधी बॅटरी बदला. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बसते. घड्याळ रोज मागे जात असेल तर घाबरू नका, तो बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. तारीख चुकली की बँकेच्या साइट्स ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो.

हार्ड डिस्कची तब्येतही आताच बघा, कारण तिच्यात तुमचा माल आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासणारं सॉफ्टवेअर टाका. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवं. ०५ मध्ये आकडा असेल तर डिस्कचे काही भाग खराब होऊन बदलीवर गेले आहेत. सी५ मध्ये आकडा असेल तर काही भाग आत्ताच धड वाचता येत नाहीत, आणि तुमच्या हळूपणाचं ते एक मोठं कारण असू शकतं. अशा डिस्कवर डीफ्रॅग किंवा चेकडिस्क चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला ती शेवटची धाव ठरते. आधी सगळं बाहेर कॉपी करा. फक्त सी७ वाढलेला असेल तर बहुधा सॅटा केबल सैल किंवा खराब आहे, ती बदलून बघा.

आता पैशाचं गणित. मी एकच गोष्ट विचारतो: या खर्चातलं काय पुढच्या कॉम्प्युटरमध्ये सोबत येईल? एसएसडी येते. आज घेतलेली अडीच इंची सॅटा एसएसडी उद्याच्या डेस्कटॉपमध्येही लागेल, नाहीतर यूएसबीनं जोडायच्या पाऊचमध्ये घालून बॅकअपला वापरता येईल. यूपीएसची बॅटरी येते. डीडीआर३ रॅम येत नाही. नव्या बोर्डांना डीडीआर४ किंवा डीडीआर५ लागते आणि खाचाच जुळत नाहीत. म्हणून एसएसडी चांगल्या कंपनीची, नवी, बिलासकट घ्या. डीडीआर३ रॅम मात्र वापरलेली, तपासून, महिनाभराच्या हमीवर घेतली तरी चालते. प्रोसेसर आय७ करून देतो, ग्राफिक्स कार्ड टाकून देतो, असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. त्यातलं काहीच पुढे येत नाही आणि तुमचा आजार तो नाही.

रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या उत्तरार्धापासून वर चढले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा बराच माल एआयच्या डेटा सेंटरकडे जातो. त्यामुळे मागच्या वर्षीचे आकडे धरून बर्डीवर जाऊ नका, दोन-तीन दुकानांत त्याच दिवशी विचारा. सगळा खर्च तशाच कामाच्या नव्या पीसीच्या एक तृतीयांशाच्या आत बसला तर सुधारणं शहाणपणाचं. त्याच्या वर गेला तर थांबा.

घ्यायचं काय, ते नेमकं लिहून देतो. एक, २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची सॅटा एसएसडी. एम.२, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी, नको; एच८१ बोर्डावर ती खाच सहसा नसते. १२० जीबीची दोन वर्षांत भरते. दोन, ४ जीबी डीडीआर३ १६०० रॅम. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ २ पैकी १ असं दिसलं तर दुसरी खाच रिकामी आहे. तिथे लावली की ८ जीबी होते आणि दोन पट्ट्या जोडीनं काम करतात. ८ जीबीची एक पट्टी फार स्वस्त मिळाली तर सावध राहा. बाजारात फक्त एएमडी बोर्डांवर चालणाऱ्या डीडीआर३ पट्ट्या फिरतात, इंटेलवर त्या डिस्प्लेच देत नाहीत. दुकानात स्वतःचा बोर्ड सांगून, लावून दाखवायला लावा. तीन, सॅटा केबल आणि पॉवर कनेक्टर शिल्लक नसेल तर एक स्प्लिटर. एसएसडी बसवायची पट्टी नसली तरी बिघडत नाही; तिच्यात हलणारा भाग नाही, दोन स्क्रूंवर एका बाजूनं टेकली तरी पुरे.

बसवताना क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करण्यापेक्षा नवं विंडोज टाका. क्लोनमध्ये बारा वर्षांचा कचराही येतो आणि ३२ बिट असेल तर ते तसंच राहतं. क्रम असा ठेवा.

आधी बॅकअप. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, फोटो, श्रीलिपीसारखं काही वापरत असाल तर त्याचे फॉन्ट, क्रोमचे पासवर्ड. टॅलीचं फोल्डर वेगळं, आणि टॅलीमधून घेतलेला बॅकअपही वेगळा. टॅलीचं लायसन्स विकतचं असेल तर जुन्या विंडोजवर असतानाच ते सरेंडर करा, नाहीतर नव्यावर चालू करताना अडकाल. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं ६४ बिट विंडोज १० तयार करा.

पीसी बंद करून एसएसडी बोर्डाच्या वेगवान सॅटा पोर्टला लावा. एच८१ वर असे दोन असतात, शेजारी छापलेलं असतं. आता सगळ्यात महत्त्वाचं: जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर विंडोज कधीकधी सुरू होण्याच्या फायली जुन्या डिस्कवर टाकतं. सगळं छान चालतं, आणि सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की नवा पीसीही सुरू होत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, सॅटा मोड एएचसीआय आहे ना, ते इन्स्टॉल करण्याआधी बघा. नंतर बदललात तर निळा पडदा येतो. बूट मेनूसाठी गिगाबाइटवर एफ१२, असूसवर एफ८, एमएसआयवर एफ११. इन्स्टॉल करताना विंडोजची प्रॉडक्ट की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा आणि होम किंवा प्रो जे आधी होतं तेच निवडा. खरं लायसन्स असेल तर ते बोर्डाशी जोडलेलं असतं, इंटरनेट मिळताच आपोआप चालू होतं. आधीचं क्रॅक केलेलं असेल तर अर्थातच होणार नाही. आणि पुन्हा क्रॅक टाकून त्याच पीसीवर बँक उघडणं मला मान्य नाही.

एसएसडीचे सी, डी, ई असे तुकडे पाडू नका, एकच ठेवा. पंधरा-वीस टक्के जागा कायम रिकामी राहू द्या. डीफ्रॅगची गरज नाही. डिफेंडर पुरतं, दुसरा अँटिव्हायरस नको.

आता दुसरा प्रश्न, ज्यात दुकानदाराचं थोडं खरं आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं वाढीव सुरक्षा अपडेट्सची सोय ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटवर चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर एकदाच ३० डॉलर. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते.

त्यानंतर? विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. तुमचा चौथ्या पिढीचा आहे. अट चुकवून ११ टाकता येतं, रूफस या इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे, आणि चालतंही. पण अशा पीसीला अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती हातानं टाकावी लागते. ज्या पीसीवर धंद्याचे हिशेब आणि बँक आहे तिथे मी हा जुगार खेळत नाही. फक्त अभ्यास आणि ब्राउझर असतं तर लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती हे उत्तम उत्तर होतं. तिच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि मराठी इनस्क्रिप्टही आत आहे. पण टॅली विंडोजचीच आहे. आणि घरोघरी दिसणारा कॅनन एलबीपी२९०० प्रिंटर असेल तर लिनक्सवर तो नाकीनऊ आणतो.

म्हणून तुमच्या घरापुरतं माझं मत: एसएसडी आणि ४ जीबी रॅम टाका, वाढीव अपडेट्सची नोंदणी करा, मुलीची बारावी यावर निर्धास्त होऊ द्या. मग टॅली आणि बँक विंडोज ११ चालणाऱ्या पीसीवर हलवा, एसएसडी तिकडे न्या किंवा इथेच मिंट टाकून हा पीसी अभ्यासाला ठेवा. बोर्डावर फुगलेले कपॅसिटर दिसले, पीसी मधूनच मरत असेल, किंवा मुलगी पुढे ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंगकडे जाणार असेल, तर मात्र सुधारणेवर काहीच खर्च करू नका.

नवीन घ्याल तेव्हा ‘नवीन’ या शब्दाला भुलू नका. नव्या खोक्यातला सेलेरॉन तुमच्या जुन्या आय३ पेक्षा वेगवान असेलच असं नाही. ४५ हजारांत काय काय येतं ते ओळीनं लिहून मागा: कमीत कमी ८ जीबी रॅम आणि एक खाच मोकळी, ५१२ जीबी एनव्हीएमई (सॅटापेक्षा वेगवान) एसएसडी, बाराव्या पिढीच्या आय३ च्या तोडीचा प्रोसेसर, आणि विंडोज बिलात लिहिलेलं. ‘विंडोज फ्री टाकून देऊ’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस जुनेच चालतात. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर नव्या बोर्डावर ते पोर्ट आहे का विचारा, नसेल तर कन्व्हर्टर लागेल.

मधला मार्गही आहे, आणि तुमच्यासारख्या घराला तोच बहुधा योग्य ठरेल: कंपन्यांमधून निघालेले रीफर्बिश्ड डेस्कटॉप. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६०, एचपीचा प्रोडेस्क ४०० जी५, लेनोवोचा थिंकसेंटर एम७२० हे आठव्या पिढीचे आहेत, विंडोज ११ ला पात्र आहेत. विकणारा नुसतं ‘आय५ आहे’ म्हणेल. मॉडेलचा आकडा विचारा. ४१३० म्हणजे चौथी पिढी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. आय५-२४०० हाही आय५च, पण तुमच्यापेक्षा दोन पिढ्या जुना. बायोसला पासवर्ड नाही हे समोर उघडून बघा. या पीसींचे एसएमपीएस बऱ्याचदा त्यांच्याच मापाचे असतात, गेला तर बाजारातला कुठलाही बसत नाही, म्हणून हमी किती महिन्यांची ते बिलावर लिहून घ्या.

लॅपटॉप असलेल्यांसाठी दोन ओळी. हार्ड डिस्क असलेला आणि झाकण उघडून रॅम बदलता येणारा लॅपटॉप असेल तर वरचं सगळं लागू आहे. डिस्क ५४०० फेऱ्यांची असते, त्यामुळे फरक आणखी मोठा जाणवतो. ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच पक्की बसवलेली साठवण चिप) आणि बोर्डाला डाखलेली रॅम असेल तर त्यात काही करण्यासारखं नाही.

एसएसडी चालू झाली, सगळं जागेवर आलं, की जुनी हार्ड डिस्क लगेच जोडून फॉरमॅट करू नका. महिनाभर तशीच कपाटात ठेवा. वहिनींचं एखादं जुन्या वर्षाचं टॅली फोल्डर किंवा मुलीचा दहावीचा प्रकल्प कुठल्या कोपऱ्यात होता, ते याच महिन्यात आठवतं. त्यानंतर ०५, सी५, सी६ शून्य असतील तर बॅकअपसाठी लावा. आकडे असतील तर डिस्क चालत असेपर्यंत एकदा पूर्ण फॉरमॅट करा, क्विक फॉरमॅट नव्हे; त्यात माल तसाच राहतो. चालतच नसेल तर कबाडीला देण्याआधी स्क्रू काढून तबकड्यांवर चार ओरखडे ओढा.